कासचे फोटो फुल साईजला कसे बघायचे आणि दहातला एक कसा निवडायचा

सप्टेंबरात कासला जाऊन आलं की कार्डात एकेका फुलाचे आठ-दहा फोटो असतातच, दवबिंदू नावाच्या किडे खाणाऱ्या रोपाचे तर त्याहून जास्त, कारण पठारावर वारा काय थांबत नाही आणि माणूस दाबत सुटतो. घरी लॅपटॉपवर उघडले की सगळे सारखेच दिसतात. मग लोक एकतर सगळेच ठेवून देतात, नाहीतर रंग बरा वाटला तो उचलतात, आणि साताऱ्यात लॅबमधनं मोठी प्रिंट हातात आली की कळतं फूल हललेलं होतं. तोपर्यंत बाकीचे डिलीट झालेले असतात, आणि टोपली कारवीचा बहर असेल तर पुढचा सात वर्षांनी. म्हणून निवडायचं काम नीट करा, अवघड काहीच नाही त्यात.

आधी हे बघा की स्क्रीनवर नेमकं काय दिसतं. २४ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ६००० बाय ४००० पिक्सेल, आणि साधा फुल एचडी स्क्रीन १९२० बाय १०८०. अख्खा फोटो त्यात बसवायला सॉफ्टवेअर त्याला २७ टक्क्यांवर आणतं, म्हणजे आडवे-उभे साधारण चार-चार पिक्सेल मिळून एक होतात, आणि फूल तीन-चार पिक्सेल हललं असेल तर ते तिथंच झाकून जातं. त्यामुळं फिट टू स्क्रीनवर फ्रेम, उजेड, मागचा पसारा एवढं बघायचं, शार्पनेसचा निकाल तिथं द्यायचा नाही म्हणजे नाही.

त्यासाठी १०० टक्के झूम लागतो, फोटोचा एक पिक्सेल स्क्रीनच्या एका पिक्सेलवर. काही सॉफ्टवेअरमध्ये याला ॲक्च्युअल साईज म्हणतात, काहीत ओरिजिनल साईज, काहीत नुसतं १:१. या झूमला फुल एचडी स्क्रीनवर फोटोचा बाराव्या भागाएवढाच तुकडा दिसतो, त्यामुळं माऊसनं ओढत फिरावं लागतं. इथं एक गोची आहे. विंडोजमध्ये अक्षरं-चित्रं मोठी दिसावीत म्हणून डिस्प्ले स्केलिंग १२५ किंवा १५० टक्के ठेवलेलं असतं (नवीन लॅपटॉपवर बहुतेक असतंच) आणि काही सॉफ्टवेअर तेवढं गुणून दाखवतात, वर १०० लिहिलेलं असतं पण फोटो ताणलेला असतो आणि चांगला फोटोसुद्धा मऊ दिसतो. तपासायला सोपंय, आपल्या स्क्रीनच्या मापाची एक इमेज घ्या, फुल एचडी असेल तर १९२० बाय १०८०, ती फुलस्क्रीनमध्ये १०० टक्क्यांना उघडा, कडेला कडा बरोबर बसली तर झूम खरा, बाहेर गेली तर सेटिंग बघा.

सॉफ्टवेअर कुठलं? माझं मत विचाराल तर घरगुती वापराला फास्टस्टोन इमेज व्ह्यूअर, फुकट आहे आणि जुन्या लॅपटॉपवर पण पळतं. फुलस्क्रीनमध्ये फोटोवर लेफ्ट क्लिक दाबून धरलं की तेवढा भाग लगेच मोठा दिसतो, सोडलं की परत पूर्ण फोटो, त्यामुळं पहिली चाळणी फार पटकन होते. दोन ते चार फोटो सिलेक्ट करून कम्पेअर केलं की शेजारी शेजारी उघडतात आणि एक सरकवला की बाकीचे बरोबर सरकतात. एक्सएनव्ह्यू एमपीमध्ये पण असंच कम्पेअर आहे, ते लिनक्स आणि मॅकवरही चालतं. इरफानव्ह्यूवाल्यांनी कंट्रोल एच दाबलं की ओरिजिनल साईज येते, आणि व्ह्यू मेनूतल्या डिस्प्ले ऑप्शन्समध्ये डू नॉट फिट एनिथिंग केलं की पुढचे फोटोही त्याच साईजला उघडतात.

आता खरं काम. एकाच फुलाचे सात-आठ असतील तर सगळे एकदम तुलनेला घेऊ नका, डोळा गोंधळतो. फिटवर बघून ज्यांची फ्रेमच बिघडलीय ते बाजूला करा, मग दोनच घ्या, त्यातला चांगला ठेवा आणि तिसरा त्याच्यासमोर आणा, शेवटपर्यंत असंच. आणि शेजारी शेजारी ठेवण्यापेक्षा एकाच जागी अदलून बदलून बघणं मला कितीतरी बरं वाटतं, म्हणजे झूम आणि जागा लॉक करायची आणि नुसतं पुढं-मागं करायचं. शेजारी असले की नजर इकडनं तिकडं जाईपर्यंत बारीक फरक निसटतो, एका जागी आलटून पालटून दाखवले की जे बदलतं ते डोळ्यात भरतं. पण फुलाची जागा दोन फोटोंत वेगळी असेल, हातात कॅमेरा असला की असतेच, तर शेजारीच ठेवा आणि दोन्हीकडं तोच बिंदू आणा.

तो बिंदू आधी ठरवा. दवबिंदूला केसांच्या टोकावरचा चिकट थेंब घ्यायचा, थेंबातली चमक गोल आणि कडक दिसली तर फोटो पास. सीतेची आसवं नावाच्या निळ्या-जांभळ्या फुलाला पाकळीची कड, गेंदाच्या पांढऱ्या गोल फुलाला मधला बारीक दाणा, आणि फुलावर किडा असेल तर त्याचा डोळा.

धूसर दिसला की का धूसर ते पण बघा, पुढच्या खेपेला तेच कामाला येतं. थेंबाची चमक एका दिशेनं रेघेसारखी ओढली गेली असेल आणि मागचे दगड-गवतही त्याच दिशेला ओढलेलं असेल तर हात हललाय. दगड स्वच्छ आणि फूलच ओढलेलं, तर वारा, शटर स्पीड वाढवायला पाहिजे होता. ओढलेलं काहीच नाही पण फूल मऊ आणि त्याच्या मागचं किंवा पुढचं गवत कडक, तर फोकस चुकला. क्लोजअपला शार्प पट्टा काही मिलिमीटरचाच असतो, त्यामुळं हे फार होतं.

काही तुलना मुळातच खोट्या असतात, त्यात वेळ घालवू नका. मोबाईलचा १२ मेगापिक्सेलचा आणि कॅमेऱ्याचा २४ चा दोन्ही १०० टक्क्यांना ठेवले तर एकात फूल मोठं दिसतं आणि एकात लहान, मोठं दिसतं त्याचे दोष पण मोठे दिसतात, तिथं दोन्ही सारख्या मापाला आणूनच बघा. रॉ (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली कच्ची फाईल) आणि जेपेग पण समोरासमोर नको, जेपेगला कॅमेऱ्यानं आधीच शार्प केलेलं असतं. रॉ बघताना अजून एक, बरेच व्ह्यूअर रॉच्या आत दडवलेला तयार जेपेग दाखवतात आणि काही कॅमेऱ्यांत तो अगदी छोटा असतो, तेव्हा खाली पिक्सेलचा आकडा किती येतोय ते बघा, ६००० च्या जागी १६०० दिसला तर तो फोटोच नाही, फास्टस्टोनच्या सेटिंगमध्ये रॉचा वेगळा टॅब आहे तिथं बदला. आणि व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आलेला फोटो तुलनेला घेऊच नका, पाठवणाऱ्याला सांगा दादा डॉक्युमेंट म्हणून टाक.

उलटी चूक पण होते. १०० टक्क्यांना दाणे, म्हणजे फोटोभर बारीक ठिपके, दिसले म्हणून चांगला फोटो उडवतात लोक, ढगाळ कासला आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) वाढवला की दाणे येणारच. ६००० पिक्सेल १८ इंचात छापले तर इंचाला ३३३ पिक्सेल पडतात, एवढे बारीक दाणे हातभर अंतरावरनं दिसत नाहीत. दाण्यांसाठी ५० टक्क्यांना बघा, तिथं आडवे दोन, उभे दोन असे चार पिक्सेल मिळून एक होतो आणि प्रिंटचा अंदाज बरा येतो. हललेला फोटो मात्र ५० ला पण बऱ्याचदा हललेलाच दिसतो, त्याला सोडा.

निवडलेले कॉपी करून वेगळ्या फोल्डरमध्ये टाका, इरफानव्ह्यूत एफ आठ दाबलं की कॉपी होते. बाकीचे लगेच उडवू नका, प्रिंट हातात येईपर्यंत राहू द्या. आणि व्ह्यूअरमध्ये उघडलाय म्हणून उगीच सेव्ह दाबू नका, जेपेग सेव्ह केला की पुन्हा कॉम्प्रेस होतो आणि थोडा बिघडतो, उभा-आडवा करायचा असेल तर लॉसलेस रोटेट (पुन्हा कॉम्प्रेस न करता फिरवणारा पर्याय) वापरा. लॅबला देताना मूळ फाईल पेन ड्राईव्हवर द्या.