नवं सस्पेन्शन घातल्यावर गाडी आपटायला लागली, तर

सस्पेन्शन बदलल्यावर गाडी आधीपेक्षा कडक झाली, असं सांगायला गेलात की मेस्त्रीचं उत्तर ठरलेलं असतं : "नवीन हाय न्हवं, चालवा की थोडी, बसतंय." मीही चालवली. जिप्सीला चारी बाजूंना नवे पाटे (एकावर एक पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग) आणि लांब शॉकअप घालून घेतले होते. आईला घेऊन कणकुंबीच्या माउली देवीला निघालो. बेळगावजवळची पिरनवाडी सोडून जांबोटीच्या रस्त्याला लागलो. किणये येईपर्यंत नैवेद्याच्या डब्याचं झाकण दोनदा उडालं, आणि कुसमळीच्या पुलाजवळ आई म्हणाली, "मी बसनं येतो, तू ने तुझी गाडी."

त्यानंतरही अडीच हजार किलोमीटर मी वाट बघितली. बसलं काही नाही, मागचे दोन बुश, म्हणजे बोल्टभोवतीच्या रबरी नळ्या, तेवढे फाटले. नवे पाटे थोडे उतरतात, हे खरं आहे. पण चुकीचा आवळलेला बुश चालवून चालवून सरळ होत नाही.

आधी हवा

टायर थंड असताना हवा तपासा. पंपावरचा पोरगा न विचारता ३५ भरून मोकळा होतो. ऑफ-रोडच्या जाड टायरची बाजू मुळातच ताठ असते, त्यात जादा हवा म्हणजे दगडच. आकडा दाराजवळच्या स्टिकरवर असतो. टायरचा साइज बदलला असेल, तर तिथून सुरुवात करून दोन-दोन पॉइंटनं खालीवर करून बघा.

दोष पाट्याचा की शॉकअपचा?

गाडी सपाटीला, चाकं जमिनीवर. शॉकअप स्प्रिंगपासून वेगळा बसवलेला असेल, तरच त्याचं खालचं टोक सोडवा आणि बंपरवर उभं राहून गाडी दाबा. मऊ दबली आणि झुलत राहिली, तर कडकपणा शॉकअपचा. तेव्हाही हलत नसेल, तर शॉकअपवर पैसे घालू नका, दोष पाटे, कॉइल (वेटोळ्याची स्प्रिंग) नाहीतर बुशमध्ये आहे. शॉकअप सोडलेली गाडी जॅकवर उचलायची नाही आणि रस्त्यावर तर न्यायचीच नाही. कॉइल जागेवरून निसटू शकते.

शॉकअपला ॲडजस्टर असेल, तर सगळ्यात मऊ खुणेवर आणा. बरेच जण तो मधोमध ठेवतात आणि विसरून जातात.

बुश, म्हणजे खरं दुखणं

गाडी चॅसिसला धरून उचलली की चाकं खाली लोंबतात. पाट्याची कमान वाढते, कॉइलच्या गाडीत आर्म (चाक चॅसिसला जोडणारे दांडे) खाली झुकतात. मेस्त्री नेमका त्याच अवस्थेत सगळे बोल्ट कचकचून आवळतो, कारण तिथं हात पोचतो आणि पाना फिरतो. रबरी बुशची आतली नळी बोल्टबरोबर जखडली जाते आणि बाहेरची बाजू पाट्याबरोबर फिरते. गाडी खाली उतरवली की मधलं रबर ओल्या टॉवेलासारखं पिळलं जातं. म्हणजे रस्त्यावर निघायच्या आधीच रबर ताणलेलं, आणि प्रत्येक खड्ड्यात ते आणखी पिळतं. गाडी वर धरून ठेवल्यासारखी वाटते, लहान खड्ड्यातही खाडकन आपटते, आणि काही महिन्यांत बुश फाटतो. वाटतं स्प्रिंग कडक आहे, म्हणून लोक स्प्रिंग बदलतात. नवी स्प्रिंगही तशीच हवेत आवळली जाते आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

करायचं ते असं. गाडी पिटवर घ्या, म्हणजे चाकं जमिनीवर राहतात आणि तुम्ही खाली जाऊ शकता. मी उद्यमबागेतल्या एका पिटवर तासाभराचे पैसे देऊन करतो. पिट नसेल तर घोडे (गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड) ॲक्सलखाली लावा, चॅसिसखाली नाही. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पहिल्या खेपेला मी स्वतः चॅसिसखाली घोडे लावून सगळे बोल्ट ढिले केले, पुन्हा आवळले आणि आख्खा रविवार घालवून होतो तिथंच आलो. चाक लोंबत होतं, मग रबर दुसरं काय करणार? पुढं स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या गाडीला, मग जुनी टॉर्शन बारची थार असो की २०२० नंतरची कॉइलवाली, पिट नाहीतर रॅम्पच घ्या.

नेहमीचं सामान गाडीत असू द्या. चाकाच्या मधापासून मडगार्डच्या काठापर्यंत चारी बाजूंचं माप घ्या आणि खडूनं मडगार्डवरच लिहा. मग पाट्याच्या दोन्ही डोळ्यांचे (टोकांच्या गोल कड्यांचे) आणि शॅकलचे (पाट्याचं एक टोक चॅसिसला जोडणाऱ्या झुलत्या पट्ट्यांचे), कॉइलच्या गाडीत आर्मचे नट एक-दोन फेरे ढिले करा. नट काढायचा नाही, फक्त पकड सोडवायची. पाटा ॲक्सलला बांधणाऱ्या यू बोल्टला हात लावायचा नाही. आता गाडी घोड्यांवर असेल तर चाकांवर उतरवा. मग तिला वरून दाबा, डावीउजवीकडे हलवा, दोघांनी मिळून हातानं फूटभर मागंपुढं ढकला. आतून 'कट्ट' असा आवाज येतो. रबर सुटल्याचा आवाज तो. माझी मागची डावी बाजू तेव्हा दीड सेंटीमीटर खाली उतरली. पुन्हा माप घ्या, मगच आवळा, चाकावर वजन असतानाच. टॉर्क पाना (किती जोरानं आवळलं ते मोजणारा) वापरा, आकडा त्या गाडीच्या किंवा किटच्या कागदात असतो. हवेच्या गननं शॅकल आवळणाऱ्याला गाडीजवळ उभंसुद्धा करू नका. शॅकलच्या पट्ट्या बुशला चिमटीत धरतात आणि पाटा हलायचाच थांबतो.

बुश पॉलियुरेथेनचे असतील तर ते नळीवर फिरतात, पिळत नाहीत. पण कोरडे बसवले की तेही धरतात आणि वर कुरकुरतात. सिलिकॉन ग्रीस लावा. रबराला मात्र साधं काळं ग्रीस फासू नका, रबर फुगतं.

शॅकलकडे एकदा बघाच

गाडी दबली की पाटा सपाट होतो आणि लांब होतो. ती लांबी शॅकलनं मागंपुढं झुलून पोटात घ्यायची. शॅकल चॅसिसखाली लटकत असेल, तर त्याचं खालचं टोक पाट्याच्या दुसऱ्या टोकापासून थोडं लांब कललेलं हवं. नव्या जास्त कमानीच्या पाट्यानं ते आत ओढलं गेलं असेल, तर गाडी दबताना पाटा चॅसिसलाच ढकलतो. यावर लांब शॅकल घालून घ्या, असा सल्ला मिळेल. पुढच्या बाजूला त्यानं कॅस्टर, म्हणजे स्टेअरिंग सरळ ठेवणारा चाकाचा कल, बिघडतो, स्टेअरिंग भरकटतं. आधी पाटे जास्त वजनाचे तर नाहीत ना, ते बघा. विंच आणि लोखंडी बंपर 'पुढच्या वर्षी लावू' म्हणून आजच जड पाटे घेणारे आपल्याकडं खूप आहेत. वजन नसेल तर पाट्यातलं एक पान (पट्टी) काढून बघा, अर्थात दोन्ही बाजूंचं.

बंप स्टॉप

इथं पानवाल्याकडचा चुना कामाला येतो. गॅरेजवाल्यांनी लावला तो वेगळा. बंप स्टॉप, म्हणजे गाडी पूर्ण दबली की ॲक्सल अडवणारी रबराची गोळी, जिथं टेकतो त्या ॲक्सलच्या जागेवर ओला चुना फासा आणि एका खराब तुकड्यावरून सावकाश जाऊन या. साध्या गतिरोधकावरही स्टॉपला पांढरा ठसा उमटला, तर गाडी स्प्रिंगवर नाही, रबराच्या गोळीवर चाललीय. ठसा नाही आणि तरी खाडकन आवाज येतो, तर शॉकअपच आतून तळाला किंवा टोकाला लागतोय. तो चुकीच्या लांबीचा आहे. परत करा, दुकानदाराशी भांडण झालं तरी चालेल.

शेवटची फेरी

रस्ता एकच ठरवा, वेगही तोच आणि एका वेळी एकच बदल. मी जांबोटीपर्यंत जाऊन येतो, मागच्या सीटवर आईचा तोच स्टीलचा डबा ठेवून. आवळलेल्या प्रत्येक नटावर पांढऱ्या पेंटची रेघ मारा. ५०० किलोमीटरनंतर रेघ सरकलेली दिसली, तर नट पुन्हा टॉर्कला आणा. यू बोल्ट मात्र रेघ न बघताच तपासा. नवे पाटे त्यांच्याखाली दबतात आणि ते हमखास ढिले होतात.