नडगी दुखते आहे? आधी अंगठा ठेवून बघा

माझी भाची पोलीस भरतीसाठी धावायला लागली आणि तिसऱ्याच आठवड्यात एका संध्याकाळी आमच्या बलकांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, पाय पसरून बसली. "मावशी, धावायला लागलं की नडगी ठणकते गो. अंग गरम झालं की थांबते, आणि घरी आल्यावर परत सुरू."

मी काही बोलले नाही. तिचा पाय मांडीवर घेतला आणि घोट्याच्या आतल्या बाजूपासून अंगठ्याने हाडाची कड दाबत वर सरकत गेले. घोट्यापासून चार बोटं वर पोचले तशी ती कळवळली. तिथून पुढे जवळजवळ वीतभर तेच. त्याच्या वर काही नाही. दुखणं एका ठिपक्यावर नव्हतं, लांबवर पसरलेलं होतं, म्हणून माझा जीव भांड्यात पडला.

तुमची नडगी दुखत असेल तर तुम्हीही आधी हेच करा. नडगीच्या आतल्या कडेला, खालच्या दोन तृतीयांश भागात, निदान पाच सेंटिमीटर लांबीचा पट्टा दुखत असेल तर ते बहुतेक शिन स्प्लिंट्स, म्हणजे धावण्याच्या ताणाने नडगीच्या कडेला येणारं दुखणं. पण एकाच जागी, बोटाच्या टोकाने दाखवता येईल असं दुखत असेल, रात्री झोपेत ठणकत असेल किंवा त्या एका पायावर उडी मारताच कळ येत असेल, तर हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो. मग धावणं त्याच दिवशी बंद करून हाडाच्या डॉक्टरांकडे जा. आणि एक्स-रे स्वच्छ आला म्हणून निश्चिंत होऊ नका, असा तडा पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत बहुधा दिसतच नाही. डॉक्टरांना एमआरआयबद्दल विचारा. धावताना पोटरी दगडासारखी घट्ट होऊन पाऊल बधिर होत असेल, तर तो वेगळा आजार आहे, तोही दाखवा. एकच पोटरी सुजून गरम झाली असेल तर मात्र वाट बघूच नका. रक्ताची गाठ असू शकते, थेट इस्पितळात जा.

हे मी इतक्या आग्रहाने सांगते, कारण 2018 साली मी स्वतः ते केलं नाही. डिचोलीहून मयेच्या तळ्यापर्यंत धावत जायचं आणि परत यायचं, असा माझा नेम होता. नडगी दुखायला लागली तेव्हा रोज रात्री कोमट खोबरेल तेल घेऊन हाडावरच रगडायचे, सकाळी पट्टी बांधायचे, वेदनाशामक गोळी घ्यायचे आणि निघायचे. गोळीने कळ झाकली गेली, हाड मात्र झिजत राहिलं. सातव्या आठवड्यात जिना उतरताना मी कठडा धरून बसले. तडा गेलेला होता. त्यानंतर सलग तीन महिने मी एक पाऊलही धावले नाही. पोटरीच्या मांसल भागाला हलकं तेल लावायला हरकत नाही, पण दुखऱ्या हाडावर जोर लावून मालीश करू नका. आणि गोळी खाऊन तर कधीच धावू नका.

हे का होतं? धावायला लागलं की दम पटकन वाढतो. तीन-चार आठवड्यांत छाती म्हणते, अजून पळ. हाडाचं तसं नसतं. नवा भार पडला की हाड आधी आपला जुना भाग काढून टाकतं आणि मग तिथे नवा भरतं. हे पूर्ण व्हायला तीन-चार महिने तरी लागतात, आणि मधल्या काळात ते पूर्वीपेक्षा कच्चं असतं. नेमक्या त्याच काळात दम आपल्याला पुढे ढकलतो. म्हणून लष्करात नव्याने भरती झालेल्यांत हे दुखणं फार दिसतं. आणि आपल्या गोव्यात तर याचा हंगामच असतो: जून ते चवथ (गणेश चतुर्थी) पाऊस म्हणून पाय घरात, चवथ झाली की एकदम रोज पाच किलोमीटर.

पहिले दोन आठवडे

धावणं थांबवा, पण खाटेवर पडू नका. सपाट रस्त्यावर सायकल चालवा, पोहता येत असेल तर पोहा. चालताना दुखत नसेल तर चाला. भाचीला मी माझी सायकल दिली आणि ती रोज अर्धा तास फिरवत होती, दम गेला नाही.

कळ जास्त असेल तेव्हा बर्फ लावा. मी स्टीलच्या पेल्यात पाणी भरून फ्रीझरमध्ये ठेवते, बर्फ झाला की पेला पंच्यात गुंडाळून नडगीवर हळूहळू फिरवते. पंधरा मिनिटं पुरे. उघडा बर्फ किंवा उघडा पेला कातडीला लावू नका, चटका बसतो. बर्फाने बरं वाटतं एवढंच, त्याने हाड भरत नाही. त्यामुळे बर्फ लावला म्हणजे उपचार झाला असं समजू नका.

चिऱ्याची पायरी

खरा उपचार पोटरीची ताकद वाढवणं हा आहे. पाऊल जमिनीवर आपटतं तेव्हा हाडावर येणारा ताण पोटरी झेलते. ती थकली की सगळं नडगीवर येतं.

आमच्या मागच्या दारी चिऱ्याची एक पायरी आहे. सकाळी चहाचं आधण ठेवलं की मी तिथे जाते. चवडे पायरीच्या कडेवर, टाचा अधांतरी, एक हात चौकटीला. एक-दोन-तीन मोजत टाचा वर, वर क्षणभर थांबायचं, आणि एक-दोन-तीन मोजत खाली. खाली येताना घाई करू नका, सगळं काम तिथेच होतं. दोन्ही पायांवर पंधरा, असे तीन वेळा. हे सोपं वाटलं की एका पायावर. मग हाच व्यायाम गुडघे थोडे वाकवून करा. पोटरीत आत, हाडाला चिकटून सोलियस नावाचा स्नायू असतो, गुडघा वाकवला की जास्त भार त्याच्यावर येतो, आणि धावताना सगळ्यात जास्त राबतो तो हाच. गुडघे वाकवलेला भाग बहुतेक जण गाळतात, तुम्ही गाळू नका.

भाचीला पहिल्या दिवशी उजव्या पायावर अकरा जमले आणि डाव्यावर सात. दुखत होती ती डावी नडगी. मी तिला सांगितलं, दोन्ही पायांवर न थांबता पंचवीस होईपर्यंत धावण्याची घाई नको. तिला सहा आठवडे लागले. एक दिवस आड करा, स्नायूलाही सावरायला वेळ हवा.

नडगीच्या पुढच्या स्नायूसाठी भिंतीला पाठ टेकून उभे राहा, टाचा भिंतीपासून फूटभर पुढे, आणि पावलं टाचांवर ठेवून बोटं वर उचला. वीस वेळा. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलणं आणि पाठीवर झोपून कंबर उचलणं, हेही करा. कंबर ढिली असली की गुडघा आत पडतो आणि पाऊलही आत वळतं.

परत धावायला कधी?

तीन गोष्टी जमायला हव्यात. अर्धा-पाऊण तास भरभर चालून दुखत नाही, दुखऱ्या पायावर दहा उड्या मारल्या तरी कळ येत नाही, आणि हाड दाबलं तर पूर्वीसारखं कळवळायला होत नाही.

मग सुरुवात अशी: एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं, असं आठ वेळा. दुसऱ्या दिवशी धावायचं नाही. आठवड्याला तीन दिवस पुरे. तीन-चार वेळा हे विनातक्रार जमलं की दोन मिनिटं धावणं, एक मिनिट चालणं. पुढे तीनास एक, पाचास एक, मग सलग वीस मिनिटं. वेग शेवटी वाढवा. आधी वेळ, मग अंतर, चढ आणि वेग सगळ्यात उशिरा.

दुखणं शून्य ते दहात मोजा. धावताना दोनपर्यंत चालेल, पण ते त्याच दिवशी शमायला हवं. खरा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी कळतो, पलंगावरून उतरल्यावरच्या पहिल्या दहा पावलांत. तेव्हा नडगी काल सकाळपेक्षा जास्त बोलत असेल तर एक पायरी मागे या.

आणि पावलं मोजा. एका मिनिटात उजवा पाय किती वेळा टेकतो ते मोजून दुप्पट करा. भाचीचा आकडा 152 आला. ती लांब ढांगा टाकत होती, पाऊल शरीराच्या पुष्कळ पुढे टाचेवर आपटत होतं. पाच ते दहा टक्के पावलं वाढवली, म्हणजे तिला साधारण 160 ते 167, की ढांग आपोआप आखूड होते आणि पाऊल शरीराखाली येतं. मोबाईलवर ठोके देणारं अॅप मिळतं, त्याच्या तालावर सुरुवातीला पाच-पाच मिनिटं धावा. मला हा बदल कुठल्याही महागड्या बुटापेक्षा मोलाचा वाटतो.

कुठे धावावं, कशात धावावं

मिरामारला पुळणीवर धावायला सगळ्यांना आवडतं. पण पाण्याजवळची घट्ट वाळू समुद्राकडे उतरती असते, एक पाय सतत खाली राहतो. कोरड्या वाळूत टाच रुतते आणि पोटरीवर जास्त कष्ट पडतात. नडगी दुखत असताना दोन्ही नकोत. बांबोळीचा सिंथेटिक ट्रॅक मऊ आहे, पण तिथे सगळे एकाच दिशेने वळत असतात. सराव हलका असेल आणि परवानगी असेल तर मधून दिशा बदला. आपले गावचे रस्ते पाणी वाहून जावं म्हणून कडेला उतरते असतात, तेव्हा जाता-येता एकाच उतारावर धावू नका. पहाटे पदेराच्या (पाववाल्याच्या) सायकलीशिवाय रस्त्यावर कोणी नसतं, तेव्हा शक्य तिथे मधल्या सपाट भागाजवळून धावा, पण कानात काही घालू नका. सड्यावर जांभ्याचा दगड सिमेंटइतकाच कठीण, वर सुटे खडे. तिथे चालणंच बरं.

भाची शाळेतल्या पातळ तळाच्या कॅनव्हास बुटांत धावत होती. ते बदलणं आलंच. बूट विकत घेताना दुकानात घालून चाला, थोडं धावून बघा, संध्याकाळी जा, कारण तेव्हा पाऊल थोडं फुगलेलं असतं. साधारण 500 ते 800 किलोमीटरनंतर बुटाचा तळ दबतो. आठवड्याला वीस किलोमीटर धावणाऱ्याचा जोड म्हणजे सहा ते नऊ महिन्यांचा. मी नव्या बुटाच्या आत पेनने तारीख लिहून ठेवते. तळपाय सपाट असेल तर आत घालायच्या मऊ सोलाने काहींना फरक पडतो, आधी साधा घेऊन बघा.

मुलींसाठी, आणि त्यांच्या आयांसाठी, एक गोष्ट मुद्दाम सांगते. भरतीसाठी वजन कमी करायचं म्हणून रात्रीचं जेवण सोडणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. धावणं वाढवून जेवण कमी केलं की पाळी लांबते, आणि पाळी बंद पडली की हाडं कमकुवत होतात. तीन महिने पाळी आली नाही तर डॉक्टरांना दाखवाच. नाचण्याची तिजान (पेज), तारले काट्यासकट, बांगडा, दूध, अंडं, जे घरात असेल ते पोटभर खाऊ द्या. वारंवार नडगी दुखत असेल तर ड जीवनसत्त्वाची तपासणी करून घ्या.

भाचीचा आता बारावा आठवडा. मंगळवार, गुरुवार, शनिवार धावते, सलग पंचवीस मिनिटं. रोज सकाळी वहीत नडगीचा आकडा लिहून मला पाठवते. गेल्या गुरुवारी तीन होता, म्हणून शनिवारी सायकल काढली. काल एक.