ॲरिझोनात वाळवंटी कासव पाळायचंय? आधी बीळ तयार करा

फिनिक्स, चँडलर साइडला घर घेतलं की आपल्याकडच्या बऱ्याच जणांना बॅकयार्डमध्ये कासव हवं असतं, आणि ते कायदेशीर मिळतंही, फक्त वाळवंटातून उचलून आणायचं नाही, तो गुन्हा आहे. राज्याचं गेम अँड फिश डिपार्टमेंट (म्हणजे वन्यजीव खातं) सोनोरन कासवं, म्हणजे इथल्या सोनोरन वाळवंटातली जात, दत्तक देतं. ही माणसांकडे राहिलेली असतात, त्यांना परत रानात सोडता येत नाही कारण श्वसनाचा संसर्गजन्य आजार रानातल्या कासवांत पसरू शकतो.

सुरुवात बिळापासून करा, कासव नंतर. जमीन थोडी खणून सिमेंटच्या ब्लॉकच्या भिंती, वर जाड प्लायवुड, त्यावर निदान फूटभर माती. तोंड दुपारच्या उन्हाकडे नको आणि उंबरा जरा उंच ठेवा, पावसाळ्यात (तिथेही मॉन्सूनच म्हणतात) पाणी आत शिरलं तर कासव बुडतं. कासव आत शिरून सहज वळू शकलं पाहिजे, हे मोजूनच बघा.

मग अंगण. स्विमिंग पूलला कुंपण हवंच. कुत्रा कितीही गरीब असला तरी कासवासोबत एकटा सोडू नका, कवच चावून टाकतात. आणि कण्हेर! फिनिक्समध्ये घरोघरी असते, विषारी आहे, उपटून टाका.

खायला गवत, तुतीची पानं, जास्वंदीची फुलं, निवडुंगाची कोवळी पानं. फायबर भरपूर, प्रोटीन कमी, त्यामुळे डॉगफूड अजिबात नको, फळंही नकोत. पाणी उथळ ताटलीत ठेवा. उगाच उचलू नका, घाबरलं की मूत्राशयात साठवलेलं पाणी सोडून देतं आणि उन्हाळ्यात ते जिवावर बेतू शकतं.

ऑक्टोबरच्या आसपास खाणं कमी करून ते बिळात जाईल, साधारण मार्चपर्यंत झोपेल. त्याआधी नाकातून पाणी येत असेल किंवा डोळे सुजले असतील तर सरपटणाऱ्या प्राण्यांच्या व्हेटकडे न्या, आजारी कासवाला तसंच झोपू देऊ नका.

नर-मादी एकत्र ठेवू नका, ॲरिझोनात ब्रीडिंगला बंदी आहे. राज्याबाहेर शिफ्ट होताना कासव नेता येत नाही, आणि ते 50 वर्षं सहज जगतं, तेव्हा तुमच्यानंतर कोण बघणार तेही आत्ताच ठरवा. कॅलिफोर्निया, नेवाडाचं मोहावी कासव वेगळं, 2011 पासून स्वतंत्र जात मानतात, तिकडचे नियमही वेगळे.

दुकानात छोटंसं आफ्रिकन सल्काटा जातीचं कासव दिसेल, पण ते मोठं होऊन 40 किलोच्या वर जाऊ शकतं आणि थंडीत झोपतही नाही, गरम खोली लागते. लहान अंगणात नकोच. भारतात घरच्यांना हौस आली तर स्पष्ट सांगा, स्टार कासव पाळणं तिथे वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, कुणी कितीही स्वस्तात देत असलं तरी.