जुन्या युद्धनौकांच्या ब्लूप्रिंट कशा जमवाव्यात

आधी एकच जहाज निवडा. दिसेल तो नकाशा घेत गेलं की कपाट भरतं, संग्रह होत नाही. माझं मत विचाराल तर ‘एचएमएस त्रिंकोमाली’ घ्या. मुंबईत वाडियांनी बांधलेली ही सागवानी फ्रिगेट, म्हणजे शिडाची वेगवान युद्धनौका, १८१७ मध्ये पाण्यात उतरली आणि आजही इंग्लंडात हार्टलपूलला जपून ठेवलेली आहे. तिचे नकाशे मुंबईला आणणारी ब्रिटिश युद्धनौका ‘जावा’ १८१२ च्या अखेरीस अमेरिकी युद्धनौका ‘कॉन्स्टिट्यूशन’शी लढताना गेली, मग इंग्लंडहून दुसरा संच धाडावा लागला!

हे नकाशे हातानं काढलेले. निळ्या कागदाची रीत जॉन हर्शेलनं शोधली ती १८४२ मध्ये, त्यामुळे खरी ब्लूप्रिंट मिळेल ती पुढच्या लोखंडी-पोलादी जहाजांची. जुन्या ब्रिटिश नकाशांच्या प्रती ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयाकडून विकत मिळतात. दुसऱ्या महायुद्धातल्या बऱ्याच अमेरिकी जहाजांचे ‘बुकलेट ऑफ जनरल प्लॅन्स’, म्हणजे सर्वसाधारण नकाशांचे संच, नेटवर फुकट आहेत. नजर बसायला तेच आधी चाळा.

ड्रॉइंग वाचता येत नसेल तर कोल्हापूरचं आपलं उद्यमनगर आहेच. फाउंड्रीतला एखादा जुना पॅटर्न मेकर (ओतकामासाठी नमुने घडवणारा) सेक्शन, म्हणजे छेद, कसा वाचायचा ते चहा संपेपर्यंत समजावून देईल. जहाजाची एक खूण मात्र वेगळी: बॉडी प्लॅनमध्ये, म्हणजे जहाजाचे आडवे छेद दाखवणाऱ्या नकाशात, मधल्या रेषेच्या उजवीकडे नाळेकडचा (पुढचा) अर्धा भाग असतो, डावीकडे मागचा.

मुंबईच्या चोरबाजारात किंवा ऑनलाइन लिलावात घेताना भिंग जवळ ठेवा. अस्सल ब्लूप्रिंटमध्ये निळा रंग कागदाच्या तंतूंत मुरलेला असतो आणि पांढरी रेघ म्हणजे कोरा कागदच. रंगाचे बारीक ठिपके दिसले तर ती अलीकडची छपाई. पांढऱ्यावर निळ्या-जांभळ्या रेघा असतील तर बहुधा अमोनिया प्रिंट, म्हणजे अमोनियाच्या वाफेनं उमटवलेली प्रत. ती घ्यायला हरकत नाही, पण ब्लूप्रिंटला चिकटून ठेवू नका. सध्या सेवेत असलेल्या नौकेचं ड्रॉइंग कुणी देऊ केलं तर हात लावू नका, तिथे १९२३ चा गोपनीयता कायदा आडवा येतो.

जपणूक हा सगळ्यात नाजूक भाग. हा निळा रंग अल्कलीनं उडतो. ‘ॲसिड-फ्री’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ कागदांत चुनखडी घातलेली असते, आणि तीही अल्कलीच, म्हणून ‘अनबफर्ड’ (चुनखडी न घातलेला) असं विचारूनच घ्या. लॅमिनेशन नको, सेलोटेप नको. कोल्हापूरच्या पावसात भिंती ओल धरतात. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, आत सिलिका जेल ठेवा आणि कागद सपाट, अंधारात राहू द्या. भिंतीवर लावायची हौस असेल तर स्कॅन करून त्याची प्रत लावा.