म्हाताऱ्या माणसाचे दात घरी कसे बघायचे

आमच्या आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, भाकरी दुधात कुस्करून खायला लागल्या तेव्हा मला वाटलं, वय झालं. मी तासगाव तालुक्यातली आशाताई. घरोघरी जाऊन लोकांची साखर, बीपी विचारते. घरच्या माणसाच्या तोंडात मात्र बघितलं नव्हतं. वर्षभरात त्यांचे खालचे तीन दात गेले. नुसत्या वयानं दात पडत नाहीत. हिरडीचा आजार आणि कीड वर्षानुवर्षं आत काम करत असतात.

सकाळच्या उजेडात दारात बसवा, हात धुवा, ओठ बोटानं खाली ओढा. हिरडी घट्ट हवी. ती लाल, सुजलेली असेल, ब्रश लावताच रक्त येत असेल, दाताचं पिवळं मूळ उघडं पडलं असेल, तर डॉक्टरांना दाखवा. मुळावर वरचं कठीण कवच नसतं, तिथं कीड लवकर लागते. दात हलतो का, एकाच बाजूनं चावता का, हे त्यांनाच विचारा. कवळीची तार ज्या दाताला धरते, तोही नीट बघा. तिथं अन्न अडकतं.

मग मिश्री. आत्यांच्या कमरेच्या चंचीत पत्र्याची डबी असायची. तव्यावर काळी भाजलेली तंबाखू, डाव्या हाताचं पहिलं बोट, आणि घासायची जागा ठरलेली: खालचे पुढचे दात. हिरडी नेमकी तिथंच उतरली. ‘मिश्रीनं ठणका थांबतो’ असं बायका सांगतात. थोडा वेळ बधिर वाटतं, आजार आत वाढतच राहतो. बिडी ओढणाऱ्या आजोबांच्या हिरडीतून रक्त येत नसेल तरी निर्धास्त राहू नका. तंबाखूनं रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून ते दिसत नाही. भांडून मिश्री सुटत नाही, हे मी बघितलंय. आत्यांची आधी झोपतानाची सोडवली, मग दुपारची. सकाळची अजून चालू आहे.

आता गोळ्यांची पिशवी उघडा. साखर ताब्यात नसेल तर हिरडीचा आजार बळावतो, आणि सुजलेल्या हिरडीमुळं साखरही आवरत नाही. बीपीच्या, झोपेच्या काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं. लाळ आटली की कीड फोफावते. कोरडा घास पाण्याशिवाय उतरत नसेल तर गोळी बंद न करता डॉक्टरांना सांगा. तोंड ओलं राहावं म्हणून खडीसाखर किंवा बेदाणा चघळायला देऊ नका. आपल्याकडं बेदाणा घरोघर असतो, पण तो दातांच्या फटीत चिकटून बसतो.

हातही बघा. आत्यांची बोटं संधिवातानं आखडलेली, बारीक ब्रश मुठीतून निसटायचा. मुलाच्या जुन्या सायकलच्या मुठीचं रबर दांड्यावर चढवलं आणि त्या स्वतः घासायला लागल्या. ब्रश मऊ, पेस्ट फ्लोराइडची, दिवसातून दोनदा. रात्रीचं घासणं चुकवायचं नाही.

हलणारा प्रत्येक दात काढावाच लागतो असं नाही, म्हणून लवकर दाखवा. सांगलीत आणि कराडला डेंटल कॉलेजं आहेत. जाताना गोळ्यांची पिशवी बरोबर न्या. रक्त पातळ करायची किंवा हाडं ठिसूळ झाल्यावर देतात ती गोळी चालू असेल, तर दात काढायच्या आधीच सांगा. मनानं बंद करू नका.