तोस्कानिनी ऐकवायचा तर

ठाण्यात ‘कंडक्टर’ म्हटलं की आधी टीएमटीची बस आठवते. त्यामुळे सोसायटीच्या हॉलमध्ये आर्तुरो तोस्कानिनी या इटालियन वाद्यवृंद-संचालकावर श्रवणसत्र ठेवणार असाल, तर चरित्र वाचत बसू नका. १८६७, पार्मा, शिंप्याचा मुलगा, एवढं सांगून थेट रिओ द जानेरोला या. ३० जून १८८६ ला तिथे ‘आइदा’ या ऑपेराच्या (गाऊन सादर होणाऱ्या नाटकाच्या) वेळी प्रेक्षकांनी हुर्यो करून संचालकाला पळवून लावलं. शेवटी वाद्यवृंदातला १९ वर्षांचा चेलोवादक तोस्कानिनी उभा राहिला आणि त्याने अख्खा ऑपेरा तोंडपाठ चालवला. पुढेही तो पाठच चालवायचा. मिरवायला नव्हे, डोळे अधू होते म्हणून.

आता मांडणी. त्याची बहुतेक ध्वनिमुद्रणं मोनो, म्हणजे डावा-उजवा वेगळा नसलेली आहेत. एकच चांगला स्पीकर समोर मधोमध, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला ठेवा. ‘सराउंड’ आणि इको बंद. त्यातली बरीच झाली तो न्यूयॉर्कमधल्या एनबीसी रेडिओचा ८-एच स्टुडिओ कोरडा होता, आवाज कोरडाच येणार. इको घातलात की वाद्यांचा चिखल होतो. पंख्यांच्या घरघरीत हळू जागा हरवतात आणि घोडबंदर रोडकडच्या खिडक्या तर लावाव्याच लागतात. म्हणजे एसी नसेल तर मे महिना विसरा, डिसेंबर-जानेवारीच बरा.

पहिल्यांदा बेथोवनच्या पाचव्या सिंफनीचा पहिला भाग लावा, साधारण सात मिनिटांचा. आधी काही बोलू नका. लगेच तोच भाग फुर्टवेंग्लर या जर्मन संचालकाचा लावा. लयीतला फरक कुणालाही कळतो, आणि चर्चा आपोआप पेटते.

मग पुच्चिनी या संगीतकाराचा ऑपेरा ‘ला बोएम’. १ फेब्रुवारी १८९६ ला तुरिनमध्ये त्याचा पहिला प्रयोग तोस्कानिनीनेच चालवला आणि १९४६ साली रेडिओसाठी पुन्हा केला. त्यात मधूनमधून त्याचंच गुणगुणणं ऐकू येतं. हे आधीच सांगा, नाहीतर कुणीतरी उठून वायरी हलवत बसेल.

१९३१ ला बोलोन्यात फॅसिस्टांचं गीत वाजवायला नकार दिला म्हणून त्याला मारहाण झाली. हे मध्यंतरात सांगा, चहाआधी.

पुच्चिनीचाच ‘तुरांदोत’ शेवटी. तोस्कानिनीचं स्वतःचं ध्वनिमुद्रण नाही, दुसऱ्या कुणाचंही चालेल. पुच्चिनी हा ऑपेरा अर्धवट असतानाच वारला होता. २५ एप्रिल १९२६ ला मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात पहिल्या प्रयोगाला तोस्कानिनीने ल्यू या पात्राच्या मृत्यूनंतर छडी खाली ठेवली. तुम्हीही तिथेच थांबवा. दिवे लगेच लावू नका.