जीपीयू ड्रायव्हर हाताने टाकण्याआधीची तयारी

क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने घेतलेल्या मशीनवर, जीपीयू (ग्राफिक्स कार्ड) वापरायला त्याचा ड्रायव्हर लागतो. त्याचा इन्स्टॉलर पाच-दहा मिनिटांत संपतो. रात्र जाते ती त्याआधी न तपासलेल्या गोष्टींपायी, आणि क्लाउडवर त्या रात्रीचंही भाडं पडतं. म्हणून हे सगळं मशीन चालू करण्याआधी एकदा वाचून घ्या. समोर उदाहरण ठेवते ते अ‍ॅमेझॉनच्या मुंबई रीजनमधल्या जी४डीएन.एक्सलार्जचं: चार व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर), १६ जीबी रॅम, एनव्हिडियाचं टी४ जीपीयू कार्ड आणि त्यावर उबंटू २२.०४ हे लिनक्स. दुसरीकडचं मशीन घेतलंत तरी क्रम साधारण हाच राहतो.

आधी स्वतःला विचारा, हाताने टाकायची गरज आहे का? ड्रायव्हर आधीच बसवलेली इमेज (मशीनच्या डिस्कचा तयार साचा) मिळत असेल आणि तिच्यावर तुमचं काम भागत असेल, तर तीच घ्या. ठरावीक आवृत्तीच हवी असेल किंवा कंपनीची स्वतःची इमेज वापरणं बंधनकारक असेल, तरच पुढचा खटाटोप.

कोटा, म्हणजे खात्याला मिळणारी वापराची कमाल मर्यादा, आधी मागून ठेवा. नव्या खात्यावर जीपीयू मशीनचा कोटा बहुतेक वेळा शून्य असतो, आणि तो मशीनमध्ये नव्हे तर व्हीसीपीयूमध्ये मोजतात. म्हणजे या एका मशीनसाठी चार मागायचे. मंजुरी लगेच येईलच असं नाही. डिस्क घेताना समोर आलेला ८ जीबीचा आकडा तसाच ठेवू नका. ड्रायव्हर, कूडा टूलकिट (एनव्हिडियाच्या कार्डावर गणितं चालवायची साधनं) आणि पायटॉर्च (मशीन लर्निंगची लायब्ररी) एवढ्यात मावत नाहीत, मी किमान ५० घेते. या मशीनसोबत १२५ जीबीची वेगवान लोकल डिस्कही येते, पण मशीन थांबवलं की तिच्यावरचं सगळं जातं. ट्रेन केलेलं मॉडेल तिथे ठेवू नका.

आता आवृत्त्या. हिशेब उलटा करायचा: तुमचा प्रोग्राम कोणता पायटॉर्च मागतो, तो पायटॉर्च कोणत्या कूडावर बांधलेला आहे, आणि त्या कूडाला किमान कोणता ड्रायव्हर लागतो. कूडा १२ ला लिनक्सवर किमान ५२५.६०.१३ लागतो, कूडा १३ ला ५८० ची मालिका. कार्डाची पिढीही पाहा. ड्रायव्हरचा जो भाग कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, बसतो त्याला कर्नल मोड्यूल म्हणतात. एनव्हिडियाने मे २०२२ मध्ये खुली केलेली कर्नल मोड्यूल्स ट्युरिंग पिढीच्या आणि त्यापुढच्या कार्डांवरच चालतात. टी४ ट्युरिंग आहे, पण त्याआधीच्या पिढीचं व्ही१०० घेतलंत तर जुनी बंदिस्त मोड्यूल्सच घ्यावी लागतील. हे आकडे कागदावर लिहून ठेवा. एनव्हिडिया-एसएमआय (कार्डाची स्थिती दाखवणारी कमांड) चालवल्यावर कोपऱ्यात दिसणारा कूडाचा आकडा म्हणजे त्या ड्रायव्हरला झेपणारी कमाल आवृत्ती. टूलकिट बसलंय की नाही, हे त्यावरून कळत नाही.

खरी मेख कर्नलमध्ये आहे. ड्रायव्हरचं मोड्यूल चालू कर्नलसाठीच बांधलेलं असतं, कर्नल बदलला की ते निरुपयोगी. म्हणून आधी सगळे अपडेट करा, मग रीबूट करा, आणि मगच युनेम -आर चालवून आवृत्ती बघा. नेमक्या त्याच आवृत्तीचे हेडर्स (मोड्यूल बांधायला लागणाऱ्या कर्नलच्या फाइली) बसवा. एक आकडा चुकला तरी बांधणी अडते.

कंपायलरचंही, म्हणजे कोडपासून मोड्यूल बांधणाऱ्या प्रोग्रामचंही, तसंच. उबंटू २२.०४ वर जीसीसी ११ हा कंपायलर असतो, पण त्यावर आलेला ६.५ कर्नल जीसीसी १२ ने बांधलेला होता. ११ ने मोड्यूल बांधायला गेलं की ‘अनोळखी ऑप्शन’ अशी एरर येते आणि माणूस ड्रायव्हरला दोष देत बसतो. प्रॉक फोल्डरमधली व्हर्जन नावाची फाइल उघडा. कर्नल कोणत्या कंपायलरने बांधलाय ते तिच्या एका ओळीत लिहिलेलं असतं. तोच बसवा.

माझ्या एका मशीनवर संध्याकाळी सगळं सुरळीत चाललं होतं. रात्री भाडं वाचवायला मशीन थांबवलं, सकाळी चालू केलं, तर एनव्हिडिया-एसएमआय म्हणे ड्रायव्हरशी बोलताच येत नाही. मशीन थांबवण्याआधीच स्वयंचलित अपडेटने नवा कर्नल उतरवून ठेवला होता आणि सकाळी मशीन त्याच्यावरच उठलं. मी डीकेएमएसशिवाय (कर्नल बदलला की मोड्यूल आपोआप पुन्हा बांधणारी सोय) ड्रायव्हर टाकला होता, त्यामुळे नव्या कर्नलसाठी मोड्यूल कुणी बांधलंच नव्हतं. तेव्हापासून डीकेएमएस चालू ठेवते आणि कर्नलची पॅकेजेस होल्डवर टाकते, म्हणजे ती आपोआप बदलत नाहीत. सुरक्षेचे अपडेट मग ठरवून, वेळ काढून करायचे. ते टाळायचे नाहीत.

नूवो हा लिनक्ससोबत येणारा खुला ड्रायव्हर लोड झालेला असेल तर त्याला ब्लॅकलिस्ट करा (लोड व्हायला बंदी घाला), इनिटरॅमएफएस (बूट होताना आधी लोड होणारी फाइल) नव्याने बनवा आणि रीबूट करा. सिक्युअर बूट (फक्त सही केलेलं सॉफ्टवेअर बूट होऊ देणारी सोय) चालू आहे का, तेही मॉकयुटिल या कमांडने पाहा. चालू असेल तर सही नसलेलं मोड्यूल कर्नल आत घेत नाही. स्वतः सही करायची तर आपली किल्ली नोंदवावी लागते. त्याची निळी स्क्रीन बूट होताना येते, आणि एसएसएचवरून (दुरून मशीनवर लॉगिन करायची नेहमीची पद्धत) ती दिसतच नाही. त्यामुळे बूट होतानाही मशीनची स्क्रीन दाखवणारा सिरियल कन्सोल आधी उघडून पाहून घ्या, नाहीतर उबंटूची सही केलेली तयार मोड्यूल्स वापरा. त्यांत हेडर्स आणि कंपायलरची कटकटही वाचते.

मार्ग एकच धरा: एक तर एप्टची (उबंटूचं सॉफ्टवेअर बसवायचं साधन) पॅकेजेस, नाहीतर एनव्हिडियाची रन फाइल, म्हणजे त्यांचा स्वतःचा इन्स्टॉलर. एकावर दुसरं चढवलं की लायब्ररी एका आवृत्तीची, मोड्यूल दुसऱ्या आवृत्तीचं असा घोळ होतो, आणि तो निस्तरण्यापेक्षा नवं मशीन घेणं परवडतं. रन फाइल टेम्प डिरेक्टरीत उघडते. तिथे प्रोग्राम चालवायला बंदी असेल तर दुसरी जागा सांगावी लागते. डॉकर (प्रोग्राम वेगळ्या कंटेनरमध्ये चालवायचं साधन) वापरणार असाल तर ड्रायव्हर फक्त होस्टवर, म्हणजे मूळ मशीनवर, टाका. कंटेनरच्या आत तो नको, होस्टवर एनव्हिडियाचं कंटेनर टूलकिट हवं.

सुरू करण्याआधी रूट डिस्कचा (जिच्यावर उबंटू आहे ती) स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची प्रत, घ्या. ड्रायव्हर बसल्यावर एनव्हिडिया-एसएमआयमध्ये टी४ चं नाव दिसलं म्हणून थांबू नका. पायटॉर्चमध्ये दोन मोठ्या मॅट्रिक्स कार्डावर गुणून बघा, मशीन एकदा थांबवून परत चालू करा आणि पुन्हा गुणा. दोन्ही वेळा उत्तर आलं की त्या मशीनची इमेज करून ठेवा, नावात कर्नल आणि ड्रायव्हरची आवृत्ती लिहा आणि मशीन बंद करा.